सेफ्टी सरांची शेवटची पोस्ट

१

सिद्धेश ओव्हाळचं प्रेत सापडलं, तोवर त्याचा माफीनामा निम्म्या चाकणने वाचलेला होता.

चाकणच्या चौकापासून जवळच एका इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्याची छोटी अकॅडमी होती. यंत्रावर काम करताना हातपाय कसे सांभाळायचे ते तो कामगारांना शिकवायचा. त्याला सगळे ‘सेफ्टी सर’ म्हणत. पहिल्या शिफ्टच्या बस निघायच्या वेळी रोज त्याची एक पोस्ट यायची आणि भोसरीपासून राजगुरुनगरपर्यंत हजारो लोक ती वाचायचे. त्या दिवशीही पोस्ट वेळेवर आली. पण ती अशी होती:

‘खंडू मेदगे हा एक साधा कामगार. ज्या हाताने तो जेवायचा, ज्या हाताने त्याने लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, तो हात माझ्यामुळे गेला. प्रेस मशीन न तपासताच मी ते सुरक्षित असल्याचा दाखला दिला. कंपनीला मी अंधारात ठेवलं. या तोंडाने तुमच्यासमोर यायची माझी लायकी नाही. मला माफ करा.’

दुपारपर्यंत खाली शिव्यांचा खच पडला. ज्यांनी काल त्याला सर म्हटलं होतं, तेच आज त्याला खुनी म्हणत होते. आणि दुपारी इमारतीचा वॉचमन पाण्याची मोटर बघायला मागच्या बोळात गेला, तेव्हा त्याला सिद्धेश दिसला. आदल्या संध्याकाळीच तो गच्चीवरून खाली पडला होता. सगळं गाव ज्याला शिव्या घालत होतं, तो माणूस तोवर कधीच मेलेला होता.

जलदान विधी उरकल्यावर त्याची बायको योगिनी चिंचवडला सादिका मुजावरच्या ऑफिसात आली. सादिकाचं काम तसं कोरडं. कंपन्या माणूस नोकरीवर घेण्याआधी त्याचं नाव तिच्याकडे पाठवायच्या. डिग्री खरी की खोटी, आधीची नोकरी का सुटली, नेटवर त्याच्याबद्दल काय काय पडलंय, ते ती शोधून द्यायची. खून तिच्याकडे कधी आला नव्हता.

‘पोलीस आत्महत्या म्हणतात,’ योगिनी म्हणाली. ‘पोस्ट त्याच्याच फोनवरून संध्याकाळी लिहिलेली. सकाळी आपोआप जाईल अशी लावून ठेवलेली. फोन टेबलावर मिळाला.’

‘मग तुम्हाला शंका कसली येते?’

‘मला ती पोस्ट पुरती वाचवलीसुद्धा नाही, मॅडम. पण सिद्धेशला असं लिहिता येत नव्हतं. रोजच्या पोस्ट वाकडची तनुजा दिघे लिहायची. लोकांची नेटवरची प्रतिमा सांभाळायचा धंदा आहे तिचा. सिद्धेशने स्वतःची म्हणून एक ओळ कधी टाकली नाही. त्या दिवशी सकाळी निघताना मला म्हणाला, उद्या मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसणार, खंडूमामांच्या अपघाताचं खरं काय ते सांगणार. रात्री आला नाही तेव्हा वाटलं, त्याच तयारीत अकॅडमीतच थांबला असेल. उद्या बोलणारा माणूस आज उडी मारतो का?’

‘फोनचा कोड कुणाकुणाला माहीत होता?’

‘मला. त्याचे भागीदार एहसानभाई, त्यांना. आणि तनुजाला.’

सादिकाने मान हलवली. तीन नावं होती, आणि त्यातलं एक तिच्या समोरच बसलेलं होतं.

२

एहसान तांबोळी अकॅडमीतच भेटला. वर्गातल्या रिकाम्या खुर्च्या तो एकावर एक रचत होता. हेल्मेटं, हातमोजे, फलक सगळं जागच्या जागी होतं. फक्त माणसं नव्हती.

‘आता कोण येणार इथे शिकायला,’ तो म्हणाला. ‘जो सर स्वतःच खोटा दाखला देतो...’

‘खोटा होता का दाखला?’

त्याने खुर्ची खाली ठेवली. ‘नाही. मी होतो ना बरोबर. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबवणारा सेन्सर असतो. आम्ही तपासला तेव्हा तो चालू होता. नंतर बंद केला. सेन्सर असला की काम हळू होतं, माल कमी निघतो. बबनराव येळवंडेंची कंपनी आहे ती. त्यांच्या हुकुमाशिवाय तिथे बल्बसुद्धा कोणी काढत नाही.’

‘आणि अपघाताच्या दिवशी?’

‘आम्ही दुसऱ्या शेडमध्ये ट्रेनिंग घेत होतो. गाडी मी चालवली. सिद्धेश मागे बसला होता, खंडूचा हात पंच्यात गुंडाळून छातीशी धरून. दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. त्याचा शर्ट नंतर जाळावा लागला.’

मग नेटवर एकाएकी बोभाटा सुरू झाला, खंडू कामावर दारू पिऊन आला होता. कुठली कुठली नावं, कुठले कुठले फोटो. सिद्धेश गप्प राहिला. येळवंडेंचं काम गेलं असतं तर अकॅडमी बंद पडली असती.

‘शेवटी त्याला राहवेना,’ एहसान म्हणाला. ‘मी अडवत होतो. भांडण झालं आमचं, खोटं कशाला सांगू. पण त्या संध्याकाळी मी देहूरोडला बहिणीकडे होतो.’

हे बहिणीकडून ताडून बघता आलं असतं, आणि बहीण भावाच्या बाजूनेच बोलली असती. सादिका तो विचार करतच चिंचवडला परतली. ऑफिसात खुर्चीत बसून फोन उघडला तर तिचंच नाव समोर आलं.

‘सादिका मुजावर उमेदवारांची खासगी माहिती विकते. हिच्यापासून सावध.’ खाली आणखी एक, वेगळ्या नावाने. त्याखाली आणखी. बघता बघता तिच्या ऑफिसच्या नावापुढचे रेटिंगचे तारे उतरत गेले.

ती चौकशी करतेय हे तेव्हा दोघांनाच माहीत होतं. योगिनीला आणि एहसानला.

३

बबनराव येळवंडेंच्या केबिनमध्ये एका भिंतीवर नुसते सत्काराचे फोटो होते. ‘शून्य अपघात’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या फलकाखाली ते बसले होते. एकेकाळी याच जागेवर त्यांची ज्वारी होती.

‘बस पोरी. च्या घेणार?’ त्यांनी बेल दाबली. ‘सिद्धेशचं लई वाईट झालं. पोरगं गुणी व्हतं. पण चूक केली, आन् कबूल बी केली.’

‘सेन्सर कुणी बंद केला होता?’

‘त्येनंच लिवलंय की, मशीन तपासलं न्हाई म्हनून. आता मेलेल्या मानसाला मी काय खोटं पाडू?’ ते शांतपणे म्हणाले. ‘आन् खंडूला आमी टाकला न्हाई. गेटवर बसवलाय. ह्या आठवड्यात तेवढा आजारपणाच्या रजेवर हाय. माझी गाडी दिसली की उठून सलाम ठोकतो अजून.’

‘तो दारू प्यायला होता म्हणे.’

‘लोक म्हनत्यात.’

‘लोक कोण?’

बबनराव थोडं हसले. ‘मला त्यातलं कळत न्हाई बघ. माझा फोन बी मला नीट वापरता येत न्हाई. माझं नेटवरचं समदं ती वाकडची बाई बघती. तनुजा. मानूस चांगला दिसला पाह्यजे, एवढंच मी तिला सांगतो.’

सादिकाने चहाचा कप खाली ठेवला. सिद्धेशच्या तोंडून रोज सकाळी बोलणारी आणि बबनरावांच्या कंपनीचं नाव धुऊन काढणारी बाई एकच होती. सिद्धेशने कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं असतं तर त्याने बबनरावांचं पितळ उघडं पाडलंच असतं, आणि त्या दारूच्या बातम्या कुठून निघाल्या तेही सांगितलं असतं.

‘पोरी,’ ती उठताना बबनराव म्हणाले, ‘तुझं बी नाव खराब व्हायला लागलंय असं ऐकलं. जप जरा.’

बाहेर पडताच अब्बांचा फोन आला. अब्बांचं, म्हणजे मीरासाहेबांचं, काळेवाडीत गॅरेज होतं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त फार हळू.

‘बेटा, आपल्या गॅरेजबद्दल कोणी काही लिहिलंय का? चोरीच्या गाड्यांचे पार्ट लावतो म्हणून? आज आपले नेहमीचे गिऱ्हाईक कुलकर्णी आले आणि काम अर्धवट असताना गाडी घेऊन गेले. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.’

४

तनुजा दिघेचं ऑफिस वाकडला, एका काचेच्या इमारतीत उंचावर होतं. ती स्वतः दार उघडायला आली. आवाज गोड, बोलणं नेमकं.

‘एहसानचा फोन आला होता, तुम्ही येऊन गेलात म्हणून. तो घाबरलाय. मला म्हणाला, मॅडम, माझं नाव यात येणार नाही ना.’

म्हणजे एहसानने हिला सांगितलं होतं. सादिकाच्या मनातली एक गाठ सुटली आणि दुसरी बसली.

‘सिद्धेशचा माफीनामा तुम्ही लिहिलात?’

‘मी? मला तर इतरांसारखाच सकाळी दिसला. त्याच्या आठवडाभर आधीच त्याने मला सांगितलं होतं की आता तो स्वतः लिहिणार.’ तिने मान किंचित कलती केली. ‘चांगलं लिहिलं त्याने. मनापासून.’

‘त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?’

‘इथेच. मी चाकणला जात नाही. धूळ, ट्रॅफिक, आणि तिथे माझं काम काय? मी माणसांना भेटत नाही, त्यांच्या प्रोफाइलला भेटते.’

‘खंडूच्या प्रोफाइलला भेटलात का?’

तनुजाने न कचरता स्क्रीन तिच्याकडे वळवला. ‘हा फोटो सगळीकडे फिरला. त्यानेच घरी काढलेला सेल्फी आहे, त्याने तो सिद्धेशला पाठवला होता. डोळे बघा. लोकांना जे दिसलं ते लोक बोलले.’

फोटोत कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक थकलेला माणूस होता. डोळे लाल, बहुधा न झोपल्याने. खिशाला पेन लावलेलं, आणि त्या खिशाखालीच पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला हात पोटाशी धरलेला. सादिका बराच वेळ बघत राहिली. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना.

‘सादिका मॅडम,’ तनुजा मायेने म्हणाली, ‘तुमच्या धंद्यात नावावरच सगळं चालतं. आज तुमचं नाव टाकलं की पहिलं काय येतं ते बघितलंत? मी ते साफ करून देऊ शकते. अब्बांच्या गॅरेजचंही.’

अब्बांचं गॅरेज आहे हे सादिकाने तिला सांगितलं नव्हतं.

ती लिफ्टने खाली आली. ही बाई आपल्याला विकत घेऊ बघतेय की फक्त खेळतेय, हेही तिला ठरवता येईना. हाती पुरावा काहीच नव्हता. गोड बोलणं हा पुरावा नसतो, आणि त्या खोट्या नावांमागे कोण होतं ते शोधेपर्यंत तिचं ऑफिस उठलं असतं. त्याच दिवशी भोसरीच्या एका कंपनीने तिला कळवलं, यापुढे तुमच्याकडे काम पाठवता येणार नाही.

५

खंडू मेदगेचं घर राजगुरुनगरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत होतं. योगिनी सादिकाला घेऊन गेली. सिद्धेशच्या वडिलांबरोबर खंडूने एकाच लाइनवर काम केलं होतं, त्यामुळे ओव्हाळांच्या घरी त्याचं येणंजाणं जुनं. योगिनीला बघून त्याची बायको कस्तुरा पदराने डोळे पुसत बाहेर आली आणि दोघींना आत घेऊन गेली.

खंडू नुकताच जेवायला बसला होता. उठू लागला, तसं योगिनीने त्याला खाली बसवलं.

‘त्यानं माफी मागितली म्हनं माझी,’ तो खाली बघत म्हणाला. ‘मला वाचून दाखवाया कुनी धजत न्हाई. पर माफी कशाची? त्यानं तर मला वाचवला. मशीनचा तो सेन्सरचा दिवा बंद हाय, हे मीच त्याला दवाखान्यात सांगितलं. तवापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.’

‘तुम्ही दारू पिता का, मामा?’ सादिकाने विचारलं.

‘माळकरी हाय मी, ताई. कुनाला बी इचारा गावात.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती. ‘धाकटीला बघाया येनार व्हते. फोनवर काय बघितलं कुनास ठाऊक, आले न्हाईत.’

कस्तुराने त्याच्या ताटात भाकरी वाढली. खंडूने ती मोडली, कालवणात बुडवली, घास उचलला. सादिका त्याच्याकडे बघत होती, ते आधी त्याच्या बोलण्यासाठी. मग तिची नजर त्याच्या हातावर थांबली.

तो उजव्या हाताने जेवत होता. त्याचा उजवा हात धडधाकट होता. मनगटापासून तुटला होता तो डावा.

‘मामा, आधीपासून याच हाताने जेवता?’

खंडूला प्रश्नच कळला नाही. ‘मग कोनत्या हातानं जेवनार?’

सादिका उठून अंगणात आली. तिने माफीनामा उघडला आणि पुन्हा वाचला. हजारो लोकांनी वाचलेली ती ओळ होती. वाचताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं नाहीतर राग, म्हणून ती कोणी नीट वाचलीच नव्हती.

तिने चाकण पोलीस ठाण्यात, हे प्रकरण बघणाऱ्या उपनिरीक्षक भाग्यश्री लांडेंना फोन लावला. ‘मॅडम, त्या संध्याकाळचं अकॅडमीसमोरच्या दुकानांतलं कॅमेऱ्याचं चित्रण मिळेल का? कुणाचा चेहरा शोधायचा ते मी सांगते.’

६

योगिनीने तिघांना अकॅडमीत बोलावलं, सिद्धेशच्या नावाने एक फलक लावायचा आहे असं सांगून. उन्हं कलायच्या आत सगळे आले. एहसान भिंतीशी उभा होता. बबनराव पुढच्या खुर्चीत बसले. तनुजा फोन काढून फलकावर काय लिहावं ते सुचवू लागली. भाग्यश्री लांडे साध्या कपड्यांत मागच्या बाकावर होत्या.

‘तनुजा मॅडम,’ सादिका म्हणाली, ‘फलकावर खंडूमामांचाही उल्लेख हवा. त्यांचा कोणता हात गेला, ते आठवतंय तुम्हाला?’

‘उजवा,’ तनुजा म्हणाली. ‘फोटोत स्पष्ट दिसतो.’

एहसानने सावकाश मान वर केली.

‘डावा गं बाई,’ बबनराव म्हणाले. ‘उजव्या हातानं तर सलाम करतो मला.’

‘फोटोत उजवाच दिसतो,’ सादिका म्हणाली. ‘कारण तो सेल्फी आहे. काही फोनमध्ये सेल्फी आरशासारखा उलटा निघतो. त्या फोटोत शर्टाचा खिसाही उजवीकडे दिसतो. पुरुषांच्या शर्टाला खिसा डावीकडे असतो. मला तो खटकला होता, पण का ते तेव्हा कळलं नाही. आता माफीनामा आठवा. ज्या हाताने तो जेवायचा, ज्या हाताने अक्षता टाकल्या, तो हात गेला. म्हणजे उजवा. सिद्धेशने दवाखान्यापर्यंत तो तुटलेला हात छातीशी धरला होता. तो असं लिहील?’

‘दुःखात माणूस चुकतो,’ तनुजा शांतपणे म्हणाली. ‘आणि तो फोटो सगळ्या जगाने पाहिलाय.’

‘जगाकडे सिद्धेशच्या फोनचा कोड नव्हता. तो योगिनी, एहसान आणि तुम्ही, अशा तिघांकडेच होता. योगिनीच्या घरी खंडूमामा लहानमोठ्या कार्याला येऊन जेवलेले. एहसान गाडी चालवत होते. बबनराव त्यांना रोज गेटवर बघायचे, आणि त्यांना तर फोनही नीट वापरता येत नाही. कोडही माहीत आणि खंडूमामांना कधी डोळ्यांनी पाहिलेलंही नाही, असं माणूस एकच आहे. तुम्ही माणसांना भेटत नाही, असं तुम्हीच मला सांगितलंत.’

तनुजाने फोन पर्समध्ये ठेवला आणि दाराकडे बघितलं.

मागून भाग्यश्री उठल्या. ‘त्या संध्याकाळी तुम्ही वाकडलाच होतात, असं म्हणता ना? समोरच्या मोबाइल दुकानाच्या कॅमेऱ्यात तुम्ही कॅबमधून उतरताना दिसता. परत जाताना तोंडाला ओढणी आहे, पण चप्पल तीच आहे.’

‘मला यात घेऊ नका,’ बबनराव पटकन म्हणाले. ‘मी तिला एवढंच सांगितलेलं की कंपनीचं नाव साफ ठेव.’

‘तुमच्याशी सेन्सरबद्दल बोलायचंय,’ भाग्यश्री म्हणाल्या. ‘तुम्हीही चला.’

योगिनी तनुजाच्या समोर येऊन उभी राहिली. ‘त्याने तुमचं काय वाईट केलं होतं?’

तनुजाने तिच्याकडे बघितलं, पण जणू तिच्यामागच्या भिंतीवर काही लिहिलेलं वाचत असावी तसं. ‘मी त्याला मोठं केलं,’ ती म्हणाली. ‘त्याला बोलायलासुद्धा येत नव्हतं.’

पुढे काही दिवसांनी तिने पोलिसांना सगळं सांगितलं. ती त्याला गप्प राहायला विनवायला आली होती. सिद्धेश तिला गच्चीवर घेऊन गेला, कठड्याला टेकून उद्या काय बोलणार ते सांगत राहिला. दारूच्या बातम्या तिने पेरल्या, हेही तो सांगणार होता. तिने ढकललं. खाली अकॅडमीत आली तेव्हा टेबलावर त्याचा फोन होता. तो मेलाय हे लोकांना कळायच्या आधीच त्याचं नाव असं बुडवायचं की त्याच्या बाजूने कोणी बोलूच नये, एवढंच तिने तिथे बसून ठरवलं. लिहायला तिला फार वेळ लागला नाही.

योगिनीने सिद्धेशच्याच पानावरून खंडूमामांचं बोलणं लोकांसमोर ठेवलं. काहींनी माफी मागितली. बरेच जण नुसतेच गप्प झाले. दारूची जुनी बातमी मात्र कुठे कुठे अजून फिरत होती. सादिकाच्या नावापुढचे तारेही लगेच परत आले नाहीत, आणि मीरासाहेबांच्या दारात कुलकर्णींची गाडी काही पुन्हा लागली नाही.

भाग्यश्रींचा फोन आला तेव्हा सादिका गॅरेजमध्येच बसली होती.

‘जबाबावर सही झाली तिची,’ त्या म्हणाल्या. ‘रडली नाही. वकीलही मागितला नाही. एकच प्रश्न विचारला.’

‘काय?’

‘बातम्यांमध्ये माझा कोणता फोटो टाकलाय.’

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

‘काही नाही,’ भाग्यश्री म्हणाल्या. ‘दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.’